हवामान बदलाची छायाचित्रं गटांत लावायची: रेसनेट की क्लिप?

बातम्यांतली हजारो छायाचित्रं गोळा झाली आहेत, कोडबुक (कोणतं चित्र कोणत्या वर्गात टाकायचं त्याची नियमावली) अजून अर्धवट आहे आणि पहिली चाळण मशीनकडून करून घ्यायची आहे. अशा वेळी बहुतेकांची गाडी इथेच अडते. रेसनेट आणि क्लिप ही दोन्ही चित्रं ओळखायला शिकलेली तयार एआय मॉडेलं; मी आधी रेसनेट-५० वापरलं, मग क्लिपकडे वळलो.

रेसनेटची बाजू आधी मांडतो, कारण हल्ली त्याला उगाच म्हातारं ठरवतात. २०१५ सालचं मॉडेल, पण साध्या लॅपटॉपवर निमूट चालतं. ते कशावर शिकलं, असं शोधनिबंध तपासणाऱ्यानं विचारलंच तर इमेजनेट या नावं दिलेल्या चित्रांच्या संचाकडे बोट दाखवता येतं. क्लिपचं तसं नाही. २०२१ मध्ये ते आलं तेव्हा चाळीस कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकल्याचं सांगितलं गेलं, पण तो संच ओपनएआयनं खुला केलेला नाही. ही बोच मला अजूनही आहे.

मग बिनसलं कुठे? कूलिंग टॉवरपाशी. रेसनेट प्रत्येक चित्राची आकड्यांची यादी (वेक्टर) करतं; त्या वेक्टरांवर के-मीन्स, म्हणजे एकमेकांजवळचे वेक्टर एका गटात टाकणारी पद्धत, चालवली की एक गट हमखास असा निघे: वीजकेंद्राच्या मनोऱ्यावरचे वाफेचे लोट, समुद्रातले हिमनग आणि नुसते ढग. निळ्यावर पांढरं, एवढंच काय ते त्यांचं नातं. (त्या मनोऱ्यांतून निघते ती पाण्याची वाफ, संपादक ती धूर म्हणून छापतात, तो वेगळाच विषय.) एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझा प्रश्नच असा होता की वर्तमानपत्रं कारणं जास्त दाखवतात की परिणाम. वीजकेंद्र हे कारण, वितळता हिमनग हा परिणाम, आणि दोघं एकाच गाठोड्यात! गटांची संख्या वाढवून पाहिली, तर ढग तेवढे वेगळे झाले. शेवटी तो गट दर वेळी हातानं निवडत बसायचो.

तसा दोष रेसनेटचा नाही. इमेजनेटच्या हजार वर्गांत कुत्र्यांच्या जाती शंभरावर आहेत, ध्रुवीय अस्वलही आहे; पूर किंवा मोर्चा मात्र नाही. अस्वलाचा पोशाख घालून निदर्शनाला आलेला माणूस माझ्याकडे थेट अस्वलांत जाऊन बसला होता.

क्लिपनं त्याला मोर्चात आणून उभं केलं, वाफ आणि हिमनगही बऱ्यापैकी वेगळे केले. चित्राबरोबरचा मजकूर वाचत शिकल्यामुळे असेल. शिवाय ‘पाण्याखाली गेलेला रस्ता’ असं इंग्रजीत लिहून जवळची चित्रं मागवता येतात, त्यामुळे गटांना नावं देताना डोकं कमी शिणतं.

क्लिपची खोड उलटी आहे: ते चित्रातली अक्षरंही वाचतं. पुराबद्दलचा इंग्रजी फलक धरलेली मुलगी कधी कधी पुराच्या गटाकडे सरकते. मीम आणि स्क्रीनशॉट तर आधीच बाजूला काढलेले बरे. तुमचा संच मुख्यतः फलकांचा किंवा मीमचा असेल, तर माझं ऐकू नका, आधी दोन-तीनशे चित्रांवर दोन्ही चालवून पाहा. वृत्तछायाचित्रं असतील तर मी तरी क्लिपपासूनच सुरुवात करीन.

रेसनेट मी काढून टाकलेलं नाही. वृत्तसंस्थेचा एकच फोटो कडा कापून पाच ठिकाणी छापलेला असतो, तो हुडकायला अजून तेच लावतो.