फेअरफोन ५ : वर्षभर वापरल्यानंतर

फेअरफोन म्हणजे घरच्या घरी दुरुस्त करता येईल आणि वर्षानुवर्षं टिकेल असा फोन बनवणारी डच कंपनी, आणि हा तिचा फोन. आधी स्पष्टच सांगते, एवढ्या पैशांत कॅमेरा आणि वेग या दोन्ही बाबतींत याहून सरस फोन सहज मिळतात. २०२३ मध्ये युरोपात आला तेव्हा याची किंमत ६९९ युरो होती. डब्यात चार्जरही नाही. भारतात कंपनी तो विकत नाही. मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहते म्हणून घेता आला.

घेतला त्याला कारण आधीचा फोन. चांगला धडधाकट होता, फक्त बॅटरी बसली होती. दुकानदार म्हणाला, गोंदाने चिकटवलेली आहे, काढताना स्क्रीन तडकली तर आमची जबाबदारी नाही, त्यापेक्षा नवाच घ्या. तेव्हा डोक्यात तिडीक गेली. फोनच्या सगळ्या आयुष्यातलं कार्बन उत्सर्जन मोजलं तर त्यातला मोठा वाटा तो आपल्या हातात येण्याआधीच, चिप आणि सुटे भाग बनवताना होऊन गेलेला असतो. चार्जिंगची वीज त्यापुढे किरकोळ. म्हणजे चालता फोन टाकून ‘पर्यावरणपूरक’ खोक्यातला नवा आणणं ही निव्वळ धूळफेक.

याची बॅटरी हाताने निघते. मागचं झाकण नखाने उचकटायचं, बॅटरी काढायची, दुसरी बसवायची. मधे मुलाच्या हातून फोन फरसबंदीवर पडला आणि स्क्रीनला कोपऱ्यापासून तडा गेला. नवी स्क्रीन साधारण शंभर युरोंना मागवली. जेवणाच्या टेबलावर छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून एक वाटी, एवढ्यावर काम झालं. स्क्रू इतके बारीक की चष्मा लावावा लागला, पण गोंद नाही, हीटगन नाही. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आत फोन सुरू. तडकलेली स्क्रीन इथल्या सुपरमार्केटमधल्या ई-कचऱ्याच्या पेटीत टाकली.

सुटे भाग मिळाले तरी सॉफ्टवेअरचे अपडेट थांबले की फोन म्हातारा होतोच. त्यावर कंपनीने काढलेला तोडगा मला सगळ्यात हुशारीचा वाटला. नेहमीच्या मोबाइल चिपऐवजी त्यांनी क्वालकॉमची औद्योगिक उपकरणांसाठीची चिप घेतली, कारण तिला चिप कंपनीकडून जास्त वर्षं पाठबळ मिळतं. त्या जोरावर २०३१ पर्यंत अपडेट देण्याचं आश्वासन आहे. विश्वास ठेवायचा का? २०१५ च्या फेअरफोन २ ला त्यांनी मार्च २०२३ पर्यंत अपडेट दिले, हे खरं. पण २०१३ च्या पहिल्या फोनचे अपडेट आणि सुटे भाग २०१७ मध्येच बंद केले, हेही तितकंच खरं.

आता खाणींबद्दल. बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टच्या काँगोतल्या हाताने खोदलेल्या खाणींमधली परिस्थिती सुधारण्याच्या उपक्रमात कंपनी सामील आहे, सोनं फेअरट्रेड (रास्त व्यापार) प्रमाणपत्राचं घेते, मागचं झाकण पुनर्वापरातल्या प्लास्टिकचं आहे. निवडलेल्या १४ प्रकारच्या साहित्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक न्याय्य मार्गाने मिळवलेलं किंवा पुनर्वापरातलं आहे, असं कंपनी सांगते. निवडलेल्या १४ पैकी, हे शब्द नीट वाचावेत. फोनमध्ये त्याहून कितीतरी जास्त मूलद्रव्यं असतात आणि उरलेली त्याच नेहमीच्या साखळीतून येतात. प्रयत्न प्रामाणिक वाटतो, पण काँगोतली खाण मी इथे बसून तपासू शकत नाही. स्क्रू तपासू शकते, आणि माझे पैसे त्या स्क्रूंसाठी होते.

हेडफोनचं भोक काढून टाकलं, ते मात्र मुळीच पटलेलं नाही. वायरचे इअरफोन वर्षानुवर्षं टिकतात. ते अडगळीत टाकायला लावून वायरलेस विकायचे, हे या कंपनीला शोभत नाही. शिवाय फोन जाडजूड आहे, २१२ ग्रॅम. पाऊस झेलतो, पाण्यात बुडवू नका.

सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा तपकीर गल्लीत एका मोबाइल दुरुस्तीवाल्याला उघडून दाखवला. त्याने बॅटरी दोनदा काढून-घालून बघितली. “ताई, सगळे असे झाले तर आमचा धंदा बसेल,” म्हणाला आणि लगेच, “पण पार्ट कुठून आणायचा?”

त्याचा प्रश्न बरोबर आहे. त्यामुळे युरोपात राहत असाल आणि पाच-सात वर्षं एकच फोन वापरायची तयारी असेल तरच हा घ्या. भारतातल्या कुणासाठी इथून नेऊ नका. तिथे सर्व्हिस सेंटर नाही, आणि स्क्रीन गेली तर पुढच्या माणसाच्या बॅगेतून ती येईपर्यंत फोन कपाटात पडून राहील. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्यांनी तर या भानगडीत पडूच नये, त्यांना हा महागच पडेल.