रेल्वेची व्हीलचेअर मदत: चढताना पाच स्टार, उतरताना रामभरोसे

आईला दोन वर्षांपूर्वी झटका येऊन गेला, डावा पाय साथ देत नाही, घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर. ती इस्लामपूरहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडला आलीये आणि गेल्या शनिवारी आम्ही ट्रेनने लंडनला मावसभावाकडे गेलो, तर इथे रेल्वेची जी मदत सेवा असते ना, रॅम्प लावून गाडीत चढवणं-उतरवणं, तिचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये.

आधी चांगलं. सेवा फुकट आहे, बुकिंग फोनवर किंवा ॲपवर होतं, आणि आता प्रवासाच्या 2 तास आधीपर्यंत केलं तरी चालतं, पूर्वी आदल्या दिवशीच ठरवावं लागायचं. आमच्या स्टेशनवर एक दादा वॉकीटॉकी घेऊन आधीच उभा होता, त्याने कपाटाचं कुलूप काढलं, घडीचा रॅम्प खाडकन उघडून दारात टेकवला आणि आईला असं अलगद आत नेलं की ती म्हणाली अगं पालखीत बसल्यासारखं वाटलं. डब्यात खुर्चीची जागा, शेजारी मोठा टॉयलेट, मदतीला घंटी, सगळं झकास. पाच स्टार, डोळे मिटून.

मग लंडन आलं. माणसं उतरली, बॅगा उतरल्या, कुत्रीसुद्धा उतरली, आणि आम्ही दोघी दारात. रॅम्पवाला नाही. गाडी आणि फलाटाच्या मधे वीतभर फट आणि वर पायरीएवढी उंची, मी एकटी आईला खुर्चीसकट उचलूच शकत नाही. घंटी दाबली, कुणी नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सफाईवाले काळ्या पिशव्या घेऊन डब्यात शिरले तेव्हा आई म्हणाली आता ही गाडी आपल्याला घेऊन यार्डात जाणार बघ. मी एक पाय दाराच्या मधोमध रोवून उभी राहिले, आणि आईचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून तिला टॅनीची गोष्ट सांगायला लागले, जी मला इथे आल्यापासून तोंडपाठ आहे.

टॅनी ग्रे-थॉम्पसन, व्हीलचेअरच्या शर्यतींमधली नावाजलेली खेळाडू. वेल्समधल्या कार्डिफची, जन्म 1969, जन्मतःच मणक्याचा स्पायना बिफिडा नावाचा दोष. खरं नाव कॅरिस, पण थोरली बहीण तिला इवलीशी म्हणून टायनी म्हणायची त्याचं टॅनी झालं आणि तेच राहिलं. शाळेच्या वेळी घोळ झाला, पोरीला अपंगांच्या वेगळ्या शाळेत घाला म्हणाले, वडील आर्किटेक्ट, त्यांनी सरकारवर केस करतो अशी धमकी दिली आणि पोरीला साध्याच शाळेत घातलं. आई म्हणाली, बाप असावा तर असा. मग पोरगी लफबरोला राज्यशास्त्र शिकली आणि एकीकडे शर्यती.

शर्यतीची खुर्ची आपल्या खुर्चीसारखी नसते हे आईला हाताने करून दाखवलं: तीन चाकं, पुढचं लांब काढलेलं, माणूस गुडघे दुमडून वाकून बसतो आणि चाकाचं रिंगण धरून ढकलत नाही तर जाड ग्लोव्ह घालून त्यावर दणके मारतो. पॅरालिम्पिक, म्हणजे अपंग खेळाडूंचं ऑलिम्पिक, त्यात 1988 ला सोलमध्ये 400 मीटरचं ब्राँझ, 1992 ला बार्सिलोनात चार गोल्ड, 100 पासून 800 मीटरपर्यंत सगळी हिचीच, 2000 ला सिडनीत परत तीच चार, अथेन्सपर्यंत धरून 11 गोल्ड आणि एकूण 16 मेडलं. शिवाय लंडन मॅरेथॉन सहा वेळा. आईने लगेच आमच्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांचा विषय काढला, 1972 ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड, गावची माणसं म्हटल्यावर ती सोडते होय.

आता रॅम्पचा भाग. सिडनीहून चार गोल्ड घेऊन आल्यावर बीबीसीच्या वर्षाच्या खेळाडूच्या मतदानात टॅनी तिसरी आली, टीव्हीवर लाइव्ह कार्यक्रम, नाव पुकारलं आणि स्टेजवर जायला रॅम्पच नाही. बाई खालीच. सगळ्या देशाने बघितलं.

2010 मध्ये तिला बॅरोनेस करून हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये घेतलं, म्हणजे आपल्या राज्यसभेवर नेमतात ना तसंच काहीसं, पण आयुष्यभरासाठी, आणि ती कुठल्याच पक्षाची नाही. (आई: म्हणजे जहागीरदारीणच की.) तिथे ती अपंगांचे भत्ते कापायच्या बिलावर सरकारशी भांडली, 2017 ला खेळाडूंची काळजी कशी घेतली जाते यावर सरकारसाठी मोठा रिपोर्ट लिहिला, आणि त्याआधी लंडनच्या बस-मेट्रो चालवणाऱ्या संस्थेच्या बोर्डावरही होती. म्हणजे वाहतूक या विषयात हिला कुणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही.

आणि हीच बाई ऑगस्ट 2024 मध्ये लीड्सहून रात्री लंडनला किंग्ज क्रॉसला आली, पॅरिसच्या पॅरालिम्पिकला निघाली होती, आणि तिला उतरवायला कुणी आलंच नाही. आधीच्या गाडीचं बुकिंग होतं, ती चुकली, पुढच्या गाडीत लीड्सला चढवलं पण या टोकाला कुणी फिरकलं नाही. बराच वेळ वाट बघून ती खुर्चीवरून खाली आली, टॉयलेटजवळच्या फरशीवर बसली, सामान फलाटावर सरकवलं आणि सरपटत उतरली. नंतर कंपनीने माफी मागितली, बातम्या झाल्या.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, एवढी मोठी बाई, एक फोन नाही का करायचा कुणाला. तिचं बरोबर आहे, आपल्याकडे आमदाराच्या पीएचा नंबर असला तरी गॅसचा नंबर आधी लागतो. इथे ओळख लावायला गेलं तर लावणार कुणाची, कायदे करणारीच दारात बसलीये.

अठराव्या मिनिटाला एक मुलगा धावत आला, घामाघूम, चार वेळा सॉरी म्हणाला. त्याचं म्हणणं त्याला दुसरा फलाट सांगितला होता आणि त्या शिफ्टला दोघंच आहेत. त्याच्यावर राग नाही माझा, रॅम्प लावताना त्याचे हात थरथरत होते बिचाऱ्याचे. राग या गोष्टीचा आहे की चढवणारा आणि उतरवणारा यांच्यामधली सगळी व्यवस्था एका निरोपावर चालते, तो निरोप कुठे अडकला की तुम्ही मेडलवाले असा नाहीतर इस्लामपूरवाले, दारातच.

तर एकूण तीन स्टार. जाणार असाल तर डबा नंबर आणि सीट नंबर चढतानाच फोटो काढून ठेवा, शेवटच्या स्टेशनाच्या अर्धा तास आधी गार्डला गाठून पुढे फोन करायला लावा, आणि फलाटाच्या बाजूचं दार कुठलं ते विचारून तिथेच बसा. तक्रार टाकलीये, उत्तर आलं की खाली लिहीन.

परतीचं बुकिंग शुक्रवारचं आहे. काल आई दशम्यांचा डबा बांधता बांधता म्हणाली, मोठी बॅग नको घेऊस गं, उतरताना तुझे दोन्ही हात मोकळे पाहिजेत, आणि मी साडी नाही, पंजाबी ड्रेस घालते, सरपटायची वेळ आली तर बरं पडेल.