जळगावात खासगी दवाखाना की नंदुरबारला सरकारी नोकरी?

मुलांच्या मानसोपचाराचं शिक्षण घेऊन खानदेशात परतणाऱ्या डॉक्टरपुढे बहुतेक हेच दोन रस्ते असतात.

जळगावच्या दवाखान्यात वेळ आपल्या हातात असतो. मुलाला पाऊण तास देता येतो, आईवडिलांशी वेगवेगळं बोलता येतं. दहावी-बारावीच्या ताणाने झोप उडालेली मुलं तिथे जास्त. कमाई बरी, पण फी झेपत नाही म्हणून काहींचं येणं मध्येच थांबतं.

नंदुरबारला ओपीडीत दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. तरीही सुरुवातीची वर्षं तिथेच काढावीत, असं मी ठामपणे सांगेन. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्या-शाळांत जाऊन 18 वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. त्यामुळे धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं, स्वतःहून कधीच न आलेलं मूल समोर येतं. आई पावरीत बोलते, आशाताई मराठीत सांगतात. ‘पोर बोलत नाही’ म्हणजे ऐकूच येत नाही का, हे आधी तपासायचं. भगताकडे जाऊन आलेलं असतं. त्याला नावं ठेवली की ती माउली परत फिरकत नाही. कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत निघणार असेल, तर औषधाची सोय त्याआधीच लावायची. हे दवाखान्यात बसून शिकता येत नाही.

आणि स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र 2016 च्या दिव्यांग कायद्याखाली लागलं, की खासगी डॉक्टरलाही मूल सरकारी रुग्णालयातच पाठवावं लागतं.