कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद पडला: दुरुस्ती की नवा?

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा. सेल गळून पत्र्यांवर पांढरट-हिरवा थर साचला असेल, तर सेल काढून कापसाच्या बोळ्याने किंचित व्हिनेगर लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. बरेचदा एवढ्यावर काम भागतं. हॉट शूमध्ये (कॅमेऱ्यावरच्या खाचेत) बसणारा फ्लॅशचा पाय तुटला, तरी दुरुस्तीच बरी. अनेक मॉडेल्ससाठी तो सुटा मिळतो.

चार्जिंगची बारीक शिट्टी ऐकू येते, रेडीचा दिवा लागतो, पण उजेड पडत नाही? मग संशय झेनॉन ट्यूबवर, म्हणजे उजेड पाडणाऱ्या नळीवर. चांगल्या कंपनीचा फ्लॅश असेल तर मी ट्यूब बदलून घेईन. मात्र घरी उघडू नका, कृपा करून! आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) 300 व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि सेल काढल्यावरही तो भार टिकून राहतो.

मुख्य सर्किट जळालं असेल तर सरळ नवा घ्या. लग्नाचं काम करणाऱ्यांना तर फायदाच: गोडॉक्सच्या व्ही१ सारख्या फ्लॅशमध्ये लिथियम बॅटरी आणि फ्लॅश दुरून उडवण्यासाठीचा 2.4 गिगाहर्ट्झचा रेडिओ आतच असतो, वेगळा रिसीव्हर लागत नाही. घेताना तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीचं मॉडेल बघून घ्या, नाहीतर टीटीएल (कॅमेऱ्याने प्रकाश मोजून फ्लॅशचा जोर आपोआप ठरवणं) चालणार नाही.