एलायझा की ओपीए: न्यूमोकोकसच्या अँटीबॉडी मोजायला कोल्हापुरात काय परवडतं?

शिवाजी युनिव्हर्सिटीत एमएस्सी मायक्रोचे प्रोजेक्ट ठरायला लागले की कुणीतरी विचारतंयच, लसीनंतरच्या न्यूमोकोकल (न्यूमोकोकस म्हणजे न्यूमोनियाचा जंतू) अँटीबॉडी मोजायच्यात, एलायझा करू का ओपीए (ऑप्सोनोफॅगोसायटिक असे, म्हणजे अँटीबॉडीच्या मदतीनं पेशी जंतू गिळून मारतात का ते बघणारी टेस्ट)? माझं मत आधीच सांगून टाकतो, सगळी सॅम्पल एलायझावर घ्या, ओपीए त्यातल्या मोजक्याच सॅम्पलची करा आणि तीही जिथं सेल कल्चर आधीपासून चालू आहे अशाच लॅबमध्ये.

एलायझा तशी सोपी. प्लेटला हव्या त्या सिरोटाईपचं (जंतूच्या कवचावरून पडणारा प्रकार) पॉलिसॅकराईड, म्हणजे त्या कवचातली साखर, कोट करायचं, सिरम, मग एन्झाइम लावलेली अँटी-ह्युमन आयजीजी, सबस्ट्रेट घातला की पिवळा रंग येतो तो रीडरवर वाचायचा. फक्त सिरम आधी सी-पॉलिसॅकराईड (सगळ्या न्यूमोकोकसमध्ये असणारं) आणि २२एफ या सिरोटाईपचं पॉलिसॅकराईड घालून ॲब्सॉर्ब करा, नाहीतर कामाच्या नसलेल्या अँटीबॉडीपण मोजल्या जातात आणि आकडे उगाच फुगतात.

पण एलायझात कळतं ते चिकटलं किती एवढंच. न्यूमोकोकसला खरं मारतात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), तेही अँटीबॉडी आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातली मदतनीस प्रोटीन) जंतूवर बसल्यावर त्याला गिळून, आणि चिकटलेली प्रत्येक अँटीबॉडी हे काम करतेच असं नाही. १९ए या सिरोटाईपचं बघा. अमेरिकेत २००० साली सात सिरोटाईपची लस आली, त्यात १९एफ होता, १९ए नव्हता, पण लस घेतलेल्या पोरांच्या सिरममध्ये एलायझावर १९ए विरुद्धपण अँटीबॉडी दिसायच्या म्हणून वाटलं हाही कव्हर होईल. ओपीएत त्या फारशा मारतच नव्हत्या. पुढं १९ए चे आजार वाढत गेले आणि २०१० च्या तेरावाल्या लसीत तो घालावा लागला.

मग सगळं ओपीएवरच का नको? कारण व्याप लय आहे. न्यूट्रोफिलच्या जागी वापरायच्या एचएल-६० सेल वाढवायच्या, डीएमएफ हे केमिकल घालून पाच-सहा दिवस डिफरन्शिएट करायच्या म्हणजे त्या न्यूट्रोफिलसारख्या होतात, कॉम्प्लिमेंट लागतं ते सशाच्या पिल्लांचं, ते उणे ७०-८० लाच ठेवायचं आणि एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही, त्यामुळं पावसाळ्यात लाईट गेली आणि डीप फ्रीजरला बॅकअप नसला तर खेळ खल्लास. शेवटी आगरवर एकेक कॉलनी मोजत बसायचं. उत्तर येतं ते निम्मे जंतू मारणारं सिरमचं डायल्युशन, त्यालाच टायटर म्हणतात. अजून एक, पेशंट अँटिबायोटिकवर असला तर जंतू औषधानंच मरतात आणि रिझल्ट झकास दिसतो, म्हणून कॉम्प्लिमेंट निकामी करून लावलेला कंट्रोल सोडू नका.

लहान पोरांचं सिरम थोडंसंच मिळतं, तिथं चार सिरोटाईप एकदम घेणारी मल्टिप्लेक्स ओपीए बरी पडते, पण तिला वेगवेगळ्या अँटिबायोटिकला रेझिस्टंट असे टार्गेट स्ट्रेन लागतात, ते आधी जुळवा मग गाईडला शब्द द्या.

कटऑफची गल्लत तर सगळेच करतात. एलायझाचा ०.३५ मायक्रोग्रॅम प्रति एमएल हा डब्ल्यूएचओचा आकडा बाळांच्या गटासाठी, दोन लसींची तुलना करायला काढलेला आहे, एखाद्या पेशंटला ‘तू सेफ आहेस’ सांगायला नाही, आणि मोठ्या माणसांना तर तो लावूच नका. ओपीएत ८ चा टायटर धरतात, पण तोही सिरोटाईपगणिक जपूनच वाचायचा.

टिटॅनस, डिप्थेरियावाल्यांनी ओपीएचा विचारच सोडा, तिथं प्रश्न टॉक्सिनचा आहे, एलायझा आणि शंका आली तर न्यूट्रलायझेशन (अँटीबॉडी टॉक्सिन निकामी करतात का ते बघणारी टेस्ट). मेनिंगोकोकसला (मेंदूज्वराचा जंतू) सिरम बॅक्टेरिसायडल टेस्ट, म्हणजे सिरम आणि कॉम्प्लिमेंट मिळून जंतू मारतात का ते बघणारी, तिथं न्यूट्रोफिल लागत नाहीत, पण कॉम्प्लिमेंट माणसाचं वापरलं का सशाचं ते रिपोर्टात लिहा, दोघांचे टायटरचे कटऑफ वेगळे आहेत, माणसाच्याला ४ आणि सशाच्याला ८.