परदेशी फराळ पार्सल, नौपाडा, ठाणे: मोजायची टेप घेऊन जा

तीन स्टार देतेय. साडेतीनची सोय असती तर साडेतीन दिले असते. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण माणूस वाईट नाहीये, आणि नौपाड्यात अशी परदेशी पार्सलवाली दुकानं शोधायला लागत नाहीत, दिवाळीच्या आधी महिनाभर फुटपाथपर्यंत खोकी आणि हातात पिशव्या घेऊन आमच्यासारख्या आया उभ्या दिसल्या की समजायचं आलं दुकान.

लेक इंग्लंडला, बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थमध्ये असते. साडेसहा किलो फराळ नेला होता, किलोला ७५० फोनवर ठरलेले, म्हटलं पाच हजाराच्या आत काम होईल. त्याने खोक्यात भरलं, टेप मारली आणि बिल काढलं ११ किलोचं! मी म्हटलं दादा काटा बिघडलाय का तुमचा, तर म्हणे काकू हे व्हॉल्युमेट्रिक. म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, आणि हे आणि खरं वजन यात जे जास्त त्याचे पैसे. खोकं होतं ४५ बाय ३५ बाय ३५, करून बघा, ११ च येतात. चिवडा हलका पण जागा खातो, म्हणजे आपण हवेचे पैसे भरतो. मी भांडले नाही, नुसती काउंटरसमोर उभी राहिले, मागे लाइन वाढत गेली, मग त्याने आतून ४० बाय ३० बाय ३० चं खोकं आणलं आणि त्यात सगळं व्यवस्थित बसलं. ७.२, धरले साडेसात. ८२५० चे ५६२५ झाले. हे खोकं आधी का नाही काढलं विचारलं तर हसला फक्त.

हवेचे पैसे वरून आठवलं. मागच्या वर्षी तीन महिने लेकीकडे होते तेव्हा शेजारच्या आजींच्या पॅसेजमध्ये कमरेएवढं निळं प्लॅस्टिकचं पिंप बघितलं होतं. मला वाटलं पाणी साठवतात, ठाण्याची सवय. ते निघालं गावाला पाठवायचं पिंप, तिकडे बॅरलच म्हणतात. आजी जमैकाच्या, क्लॅरेंडनमधल्या एका ऊसवाल्या गावच्या. बोटीने जातं, भाडं पिंपाला, किलोला नाही, त्यामुळे वर्षभर एकेक वस्तू ऑफरमध्ये घेऊन ठासून भरायचं आणि नाताळच्या आधी पोचेल असं पाठवायचं. तांदूळ, तेल, साबण, कॉर्न्ड बीफचे डबे, भाच्यांच्या पोरांचे शाळेचे बूट, बुटात मोजे आणि मोज्यात टूथपेस्ट. मला दाखवताना म्हणाल्या, मी हवा पाठवायचे पैसे देत नाही. आमच्या पार्सलवाल्याला यांच्याकडे ट्रेनिंगला पाठवा.

आता थोडं विषयांतर, घाई असेल त्यांनी हा आणि पुढचा पॅरा सोडा. आजी १९६१ ला इंग्लंडला आल्या, विशीच्या होत्या. तेव्हा जमैका इंग्रजांचंच, पासपोर्टही ब्रिटिश, पण येण्यावर बंधनं आणणारा कायदा येणार असं कानावर आल्यावर (तो लागू झाला १ जुलै १९६२ ला) गावच्या गाव घाईने निघाले. वडिलांनी तिकिटासाठी गाय विकली. असं बऱ्याच घरांत झालं, २२ जून १९४८ ला जमैकाहून आलेल्या विंडरश बोटीने टिलबरीला उतरलेले सॅम किंग, जे पुढे लंडनच्या सदर्कचे महापौर झाले, त्यांच्या तिकिटासाठी घरच्यांनी तीन गाई विकल्या होत्या. आजी दीड वर्षाची मुलगी आईकडे ठेवून निघाल्या. साउदॅम्प्टनहून ट्रेनने येताना जिकडे तिकडे धुराडी बघून वाटलं बापरे किती कारखाने, कामाला तोटा नाही, आणि ती सगळी राहती घरं होती, कोळशाच्या शेगड्यांची. हॉस्पिटलात नर्सिंगला घेतलं पण दोन वर्षांच्या खालच्या कोर्सला घातलं, ज्याला परत जमैकात गेलात तर कोणी विचारत नाही, आणि हे त्यांना कोर्स संपल्यावर कळलं. खोलीत रॉकेलचा हीटर, कपड्यांना त्याचाच वास. घर कसं घेतलं विचारलं तर म्हणाल्या पार्डनर. ऐकल्यावर मी उडालेच, अहो ती आपली भिशी! पैसे जमवणारी ती बँकर, हप्ता म्हणजे हँड, आपला नंबर लागला की ड्रॉ. बँका कर्ज द्यायला तयार नसायच्या, मग दोन-तीन ड्रॉ साठवून डिपॉझिट भरलं. मुलीला सहा वर्षांनी बोलावून घेतलं तर विमानतळावर ती हवाईसुंदरीच्या मागे लपली. हे सांगताना त्या भांडी पुसत होत्या आणि तीच बशी परत परत पुसत होत्या. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते आणि माझे वडील चिपळूणकडे माझ्या आजीजवळ वाढले, आजोबा शिमग्याला आले की वडील त्यांना पाहुणे म्हणायचे, हे मी या जमैकाच्या आजींना सांगितलं.

आणि एक. आजींचा जुना पासपोर्ट, पहिली पगाराची चिठ्ठी, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बिस्किटाच्या डब्यात. २०१८ ला तिकडे मोठा गोंधळ बाहेर आला, आजींसारख्या पन्नास पन्नास वर्षं राहिलेल्या लोकांकडे कागद नाहीत म्हणून कुणाची नोकरी गेली, कुणाला चक्क देशाबाहेर काढलं, आणि त्यांच्या येण्याच्या नोंदीची कार्डं सरकारनेच २०१० मध्ये नष्ट केली होती. आजींच्या ओळखीत एकाला झळ बसली. तेव्हापासून डबा उशाशी.

असो, पार्सल. दुधाचं काही चालत नाही म्हणून पेढे काढायला लावले, बेसनाचे लाडू तुपातले म्हणून तेही. ते परत पिशवीत घालून रिक्षाने घरी आणले आणि आठवडाभर मीच खाल्ले, शुगर वाढली ती वेगळी. पण हे नियम त्याने स्पष्ट सांगितले आणि गिफ्टची किंमत ३९ पाउंडाच्या वर गेली तर तिकडे टॅक्स लागतो हेही सांगितलं, याचा अर्धा स्टार.

पॅकिंगला मात्र अर्धा कापला. सगळं व्हॅक्यूम करतात, मी नको नको म्हणत असताना चकलीसुद्धा केली, मशीनने अशी आवळली की कडाकडा आवाज मला काउंटरवर ऐकू आला. चिवड्याचा भुगा. शंकरपाळी आणि अनारसे तेवढे सुखरूप. चकली बरणीतच द्या आणि मशीनपाशी जाऊन उभ्या राहा. पाच ते सात दिवस सांगितले, लागले बारा, लक्ष्मीपूजन होऊन दोन दिवसांनी पोचलं. फोन केला की एकच, काकू कस्टममध्ये आहे.

लेकीने चकलीचे तुकडे वाटीत घालून आजींना दिले. त्यांना तिखटाचं काही वाटत नाही, १८४५ पासून जमैकाच्या ऊसमळ्यांवर आपल्याकडचे मजूर नेले होते त्यामुळे बोकडाची करी त्यांच्या लग्नाकार्यात लागतेच. वाटी रिकामी परत आली नाही, त्यात रममध्ये मुरवलेल्या फळांचा काळा केक होता. लेक म्हणते, आई, या वर्षी त्यांच्यासाठी वेगळी बरणी पाठव, आणि अख्खी.

जाणार त्याच्याकडेच, बाकीच्यांचा भाव विचारून आलेय. टेप पर्समध्ये टाकून ठेवलीय.