17 सप्टेंबरचं 14 करणारं ॲप

टायपिंगला ॲप बरं हाय, मराठी फॉन्ट नीट दिसतात, पीडीएफ झटकन होते. पण लिस्टचं काय खूळ हाय ते कळंना. मुक्तिसंग्राम दिनाला शाळेच्या फलकाचा मजकूर टाइप करायलो होतो, 13. 9. 1948 पोलीस ॲक्शन सुरू असं लिहून एंटर मारला तर त्यानं 13 ला लिस्टचा नंबर समजून ओळ आत ढकलली अन् खाली आपोआप 14 टाकला, मग मी पुढं लिहिलं निजामाची शरणागती तर दिसतंय काय, 14. 17. 9. 1948!! अरे बाबा तारीख हाय ती. बॅकस्पेसनं नंबर जातो पण ओळ तशीच आत लटकलेली. न विचारता कामून करायचं असलं?

नंबर आला की लगेच कंट्रोल झेड मारा, लिहिलेलं राहतं, फक्त लिस्ट जाती. एकाच मुद्द्यात खालची ओळ पाहिजे तर शिफ्ट एंटर. कायमचं बंद करायचं तर ऑटोकरेक्टच्या सेटिंगमधी आपोआप नंबरिंगची टिक काढायची, पण ती सापडेपर्यंत लातूरच्या गंजगोलाई चौकातल्या 16 रस्त्यांवर पहिल्यांदाच आलेल्या माणसावानी फिरत बसता. 5 पैकी 3 स्टार, तेबी पीडीएफमुळं.